तळ्यातली मरतूक जिवाणूंची आहे का? माशांतली साथ ओळखण्याची पद्धत

सकाळी शेततळ्यावर सात-आठ रोहू उलटे तरंगताना दिसले आणि अंगावर लाल चट्टे असले, की बहुतेक ठिकाणी दुपारपर्यंत दुकानातून अँटिबायोटिकची पुडी आलेली असते. पुडी आधी आणि तपासणी नंतर, हा क्रमच चुकीचा आहे. मरतूक जिवाणूंची नसेल तर औषध वाया जाते. असेल, तर औषध खाल्लेल्या माशाच्या नमुन्यातून जिवाणू नीट वाढत नाहीत आणि प्रयोगशाळेला ठामपणे काही सांगता येत नाही.

दुसरा गोंधळ याहून मोठा आहे. एरोमोनास हायड्रोफिला हा गोड्या पाण्यातल्या माशांचा सर्वात नावाजलेला जिवाणू. तो प्रत्येक तळ्याच्या पाण्यात, गाळात आणि धडधाकट माशाच्या आतड्यातही असतो. त्यामुळे ‘पाण्यात एरोमोनास सापडला’ किंवा ‘जखमेवर एरोमोनास सापडला’ हे निदान नव्हे. साथ त्याची आहे असे म्हणायला तो आजारी माशाच्या मूत्रपिंडात, एकट्याने आणि एकापेक्षा जास्त माशांत सापडावा लागतो. खालची सगळी खटपट त्यासाठीच आहे. पद्धत रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस, गवत्या यांच्या तळ्यांना आणि पंगस, चिलापीच्या पिंजऱ्यांना सारखीच लागू पडते. जिथे फरक आहे तिथे तो सांगितला आहे.

आधी वही, मग मासा

मेलेले मासे रोज एकाच वेळी काढा आणि लिहा: तारीख, जात, अंदाजे वजन, तळ्याचा कोणता कोपरा, किती खाद्य टाकले आणि किती उरले. मेलेला मासा आधी तळाशी जातो आणि पोटात वायू धरल्यावर वर येतो. उन्हाळ्यात याला साधारण एक दिवस लागतो, हिवाळ्यात जास्त. म्हणजे आज तरंगणारा मासा बहुधा कालचा किंवा परवाचा असतो, आणि तरंगणारे मोजले तर खरा आकडा नेहमी कमीच भरतो. पिंजऱ्यात मेलेले मासे जाळ्याच्या तळाशी साठतात. तिथे जाळे उचलल्याशिवाय मोजणीला अर्थ नाही.

आकड्यांचा चढ बरेच काही सांगतो. ४,००० माशांच्या तळ्यात अधूनमधून एखादा मासा मरणे चालायचेच. पण ३, ५, ९, १७, ३० असा रोज जवळपास दुपटीने चढ दिसला तर संसर्गाचा संशय घ्या. याउलट काल शून्य आणि आज पहाटे ६०० मेले, तर तो ऑक्सिजन किंवा विषाचा मामला आहे. जिवाणू एका रात्रीत एवढे काम सहसा करत नाहीत. ऑक्सिजन संपला की मोठे मासे आधी जातात, कटला आणि चंदेरा आघाडीवर असतात, आणि उरलेले पहाटे तोंड वर करून श्वास घेताना दिसतात. ऊन चढल्यावर ते सावरतात. पंगस हवेतूनही श्वास घेऊ शकतो, म्हणून पंगसाच्या तळ्यात मरतूक झाली तर नुसत्या ऑक्सिजनवर बोट ठेवून मोकळे होता येत नाही. विष आले असेल तर माशांबरोबर बेडूक, पाणकिडे, गोगलगायीही मरतात. शेजारच्या शेतात दोन दिवसांत फवारणी झाली का, एवढे विचारायला लाज वाटू देऊ नका.

रोज थोडे थोडे मासे, महिनाभर, चढ नाही, मासे बारीक होत चाललेले: हा परजीवींचा किंवा निकृष्ट खाद्याचा चेहरा आहे. आणि अनेक जातींच्या तळ्यात एकाच जातीचे मासे मरत असतील तर जातीनुसार येणारे रोग आधी आठवा. फक्त चिलापी मरत असेल तर चिलापीचा तलावी विषाणू (टिलापिया लेक व्हायरस), ज्याची नोंद भारतातही झाली आहे, यादीत ठेवावाच लागतो. त्यात शेवटी जखमांवर एरोमोनास चढतोच आणि तपासणाऱ्याची दिशाभूल होते.

मरतुकीच्या आधीची खूण मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. जिवाणूंच्या साथीत मासे मरायला लागण्यापूर्वी दोन-तीन दिवस खाणे कमी होते. पिशवीत किंवा ट्रेमध्ये खाद्य देत असाल तर उरलेला ढीगच ते सांगतो. हाताने फेकणाऱ्याला ते कळत नाही. उलट न खाल्लेले खाद्य तळाशी कुजून पाणी आणखी बिघडवते.

पाणी: कधी मोजायचे आणि आकडा कसा वाचायचा

पाण्याची तपासणी दुपारी बारा वाजता करून ‘सगळे ठीक’ म्हणणे ही नेहमीची चूक. विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयापूर्वी, तळापासून हातभर वर मोजा. पहाटे लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निर्धास्त राहा, ३ च्या खाली असेल तर मासे ताणाखाली आहेत, १ च्या आसपास असेल तर मरतुकीचे कारण सापडले. सामू (पाण्याचा पीएच) पहाटे आणि दुपारी ३ वाजता, असा दोनदा मोजा. हिरव्यागार पाण्यात पहाटे ७.५ असलेला सामू दुपारी ९ च्या पुढे जातो.

हा दुपारचा सामू अमोनियासाठी महत्त्वाचा. किटमध्ये येतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग सामू आणि तापमान ठरवतात. २८ अंश सेल्सिअसला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या जेमतेम ०.७ टक्के विषारी असतो, ८ ला साडेसहा टक्क्यांच्या आसपास आणि ९ ला ४० टक्क्यांच्या वर. म्हणजे किटवर १ मिलिग्रॅम दिसले तर पहाटे काळजी नाही, पण दुपारी तोच आकडा ०.४ मिलिग्रॅम विषारी अमोनिया होतो, ०.०५ च्या पुढेच कल्ल्यांना इजा सुरू होते. प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या, गाळ साचलेल्या शेततळ्यांत हे फार घडते. नायट्राइट वाढला असेल तर कल्ले आणि रक्त चॉकलेटी तपकिरी दिसते. ती खूण एकदा ओळखीची झाली की विसरत नाही.

पाणी बिघडलेले सापडले म्हणजे जिवाणू नाहीत, असा निष्कर्ष मात्र काढू नका. साथ बहुतेकदा अशीच येते: आठ-दहा दिवसांपूर्वी ऑक्सिजनचा झटका बसला, ओढजाळे मारले, दूरच्या तळ्यातून बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) आणली किंवा पहिल्या पावसाचे गढूळ पाणी आत आले, मासा कमजोर पडला आणि पाण्यातलाच जिवाणू आत शिरला. म्हणून वहीत मागच्या दोन आठवड्यांत काय काय घडले ते जरूर लिहा. प्रयोगशाळेतला जाणकार पहिला प्रश्न हाच विचारतो.

कोणता मासा घ्यायचा

मेलेला मासा तपासणीला जवळजवळ निरुपयोगी आहे. ३० अंशाच्या पाण्यात मासा मेल्यावर आतड्यातले जिवाणू तासाभरात अवयवांत पसरू लागतात. मग मूत्रपिंडातून चार प्रकारचे जिवाणू वाढतात आणि त्यांतल्या कोणी मासा मारला हे कोणालाच सांगता येत नाही. हवा असतो तो मरणाच्या वाटेवरचा जिवंत मासा: काठाला येऊन पडलेला, कलंडलेला, हाताला सहज येणारा, पण कल्ले हलत असलेला. असे ५ ते १० मासे घ्या. त्याशिवाय त्याच तळ्यातले, वरून निरोगी दिसणारे २-३ मासेही घ्या. हे बहुतेक लोक घेत नाहीत, आणि मग निरोगी माशाचे यकृत मुळातच फिकट होते की आजाराने झाले, हे ठरवायला आधारच उरत नाही.

हातमोजे घाला. एरोमोनास, एडवर्डसिएला आणि स्ट्रेप्टोकोकस या जिवाणूंचे काही प्रकार हाताच्या चिरेतून माणसालाही लागतात. पर टोचणे ही छोटी गोष्ट नाही, विशेषतः मधुमेह असणाऱ्याला.

वरून पाहणी: एकाच खुणेची अनेक कारणे

मासा ओल्या ट्रेवर ठेवून डोके, डोळे, कल्ले, अंग, पर, गुदद्वार या क्रमाने पाहा आणि फोटो काढा. जिवाणूंच्या खुणा पुस्तकांत स्पष्ट दिसतात, तळ्यावर त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात.

लाल चट्टे आणि जखमा सर्वात जास्त फसवतात. एरोमोनासमध्ये परांच्या मुळाशी, पोटावर, गुदद्वाराभोवती रक्त साकळते, खवले उभे राहतात, पोट पाण्याने फुगते आणि पुढे उघड्या जखमा होतात. पण भिंगातून जखमेजवळ चपटा, बशीसारखा, पाठीवर दोन काळे ठिपके असलेला, सरकणारा जीव दिसला तर ती माशांची ऊ आहे. उवांच्या दंशाजागी लाल ठिपका पडतो आणि तिथून जिवाणू शिरतात. उवा न काढता जिवाणूंवर कितीही उपचार केले तरी दहा दिवसांत परत तेच.

थंडीत, पाणी १८ ते २२ अंशांवर उतरलेले असताना, मरळ, खवली आणि मृगळ यांना खोल, लालसर, स्नायूपर्यंत पोचलेले व्रण दिसले आणि त्याच तळ्यातल्या सायप्रिनस व चिलापीला काही नसले, तर बुरशीसदृश अफॅनोमायसिसमुळे येणाऱ्या व्रणरोगाचा संशय आधी घ्या. भारतात हा रोग १९८८ पासून आहे. व्रणाच्या कडेचा, मधला कुजका नव्हे, तांदळाएवढा स्नायूचा तुकडा दोन काचपट्ट्यांत चिरडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा; जाड, आडवे पडदे नसलेले तंतू दिसले तर संशय बळावतो. या व्रणातूनही एरोमोनास वाढतोच. ‘जखमेतला जिवाणू म्हणजे निदान नव्हे’ हे सुरुवातीला सांगितले ते यासाठी.

पाठीच्या पराभोवती खोगिरासारखा फिकट पट्टा, त्याला पिवळट कड, तोंडाभोवती कापसासारखा थर, कल्ल्यांच्या टोकांशी पिवळट-तपकिरी कुजलेले ठिपके: फ्लॅव्होबॅक्टेरियम कॉलम्नेअर. हा जिवाणू गर्दी, गरम पाणी आणि हाताळणीनंतर झपाट्याने पसरतो. बोटुकलीत दोन-तीन दिवसांत मोठे नुकसान करतो. कापसासारखा थर पाहून ‘बुरशी’ म्हणणे ही इथली ठरलेली चूक. बुरशीचे तंतू पाण्यात लांब, मोकळे फुगलेले दिसतात. याचा थर चिकट आणि आखूड असतो.

डोळे बाहेर आलेले किंवा दुधाळ, मासा गोल गोल फिरतोय, शरीराला बाक आलाय, पाणी ३० अंशांच्या वर आणि तळ्यात चिलापी: स्ट्रेप्टोकोकस. फिरणे मेंदूच्या सुजेमुळे असते, म्हणून या संशयात मेंदूचा नमुना घेतला नाही तर तपासणी अर्धवट राहते. पंगसात वरून फारसे काही न दिसता आत गोची सापडते. ते पुढे येते.

कल्ला आणि त्वचा: पाच मिनिटांचे काम

मासा जिवंत असतानाच हे करा, कारण मेल्यावर परजीवी सोडून जातात. पोटाजवळून, डोक्याकडून शेपटीकडे काचेच्या कडेने अंगावरचा चिकट थर खरवडा, काचपट्टीवर तळ्याच्याच पाण्याचा थेंब टाकून वर झाकणकाच ठेवा. नळाचे क्लोरीनचे पाणी वापरले तर परजीवी मरून दिसेनासे होतात. कल्ल्याच्या तंतूंची टोके बारीक कात्रीने कापून तशीच दुसरी पट्टी बनवा. आधी कमी शक्तीच्या भिंगाने, मग ४० च्या भिंगाने पाहा.

कल्ल्यांवर आकडे रोवलेले, वळवळणारे चपटे कृमी दृष्टिक्षेत्रागणिक दिसले, किंवा गोल फिरणारे ट्रायकोडिना गर्दीने दिसले, तर मरतुकीचे मुख्य कारण तिथेच असू शकते. एखाददुसरा सापडला तर त्याला दोष देऊ नका. निरोगी माशातही ते असतात, आणि तुलनेचा मासा इथेही उपयोगी पडतो. कॉलम्नेअरचा संशय असेल तर कल्ल्याची पट्टी १० ते १५ मिनिटे तशीच ठेवा. लांब, बारीक, हळू सरकणारे दंडाकार जिवाणू तंतूंच्या कडेला गवताच्या गंजीसारखे ढीग रचताना दिसतात. साध्या सूक्ष्मदर्शकावर तळ्याकाठीच जवळजवळ ओळखता येणारा हा एकच जिवाणू.

मासा उघडणे

डोक्यावर एक नेमका फटका मारून मासा मारा. त्वचा ७० टक्के अल्कोहोलने पुसा. कात्री आणि चिमटा अल्कोहोलमध्ये बुडवून ज्योतीवर जाळून घ्या; प्रत्येक माशाला नव्याने, आणि त्वचा कापलेली कात्री आत वापरू नका.

मासा उजव्या कुशीवर ठेवून गुदद्वारापासून पोटाच्या मध्यरेषेने पुढे कल्ल्यापर्यंत कापा. कात्रीचे टोक वरच्या बाजूला उचललेले ठेवा. आतडे फुटले तर त्या माशाचा जिवाणू-नमुना बाद समजा. मग गुदद्वारापासून वर, कमानीसारखे कल्ल्याच्या मागपर्यंत कापून पोटाची भिंत उचला.

पोटातले पाणी पाहा: रक्ताळलेले की पिवळट. यकृत फिकट, ठिपकेदार की सुजलेले. प्लीहा गडद आणि फुगीर आहे का. पित्ताशय भरगच्च असेल तर मासा काही दिवस उपाशी आहे. आतडे रिकामे आणि लाल, आत पिवळट चिकट द्रव, ही एरोमोनासच्या रक्तविषारात (जिवाणू रक्तात पसरल्यावर) नेहमी दिसणारी जोडी. पंगसात यकृत, प्लीहा आणि मूत्रपिंडावर टाचणीच्या टोकापासून मोहरीएवढे पांढरे ठिपके दिसले तर एडवर्डसिएला इक्टालुरी. स्नायूत वायू भरलेले, दुर्गंधी सुटलेले गळू सापडले तर एडवर्डसिएला टार्डाच्या गटातले जिवाणू. पांढऱ्या गाठी रोहूच्या कल्ल्यांवर किंवा त्वचेवर असतील तर त्या बहुधा मिक्सोस्पोरिडियाच्या पुटिका असतात, जिवाणूंच्या नाहीत. एक फोडून पाहिली की आतले सूक्ष्म बीजाणू दिसतात.

मूत्रपिंड शोधायला नवख्याला वेळ लागतो. ते पोटात सुटे नसते; पाठीच्या कण्याखाली चिकटलेले, गडद लाल-तपकिरी असते. रोहू, कटला गटात वाताशयाचे (हवेच्या पिशवीचे) दोन कप्पे असतात आणि मूत्रपिंडाचा सर्वात जाड भाग नेमका त्या दोघांच्या मधल्या खाचेवर बसलेला असतो. वाताशय अलगद बाजूला केला की तो समोर येतो.

मूत्रपिंडाचा ठसा आणि ग्रॅम रंगण

प्रयोगशाळेचा निकाल दोन-तीन दिवसांनी येतो. हा ठसा अर्ध्या तासात दिशा देतो. ग्रॅम रंगण म्हणजे जिवाणू जांभळे दिसतात की गुलाबी, यावरून त्यांचे गट पाडणारी रंगवण्याची पद्धत.

मूत्रपिंडाचा मुगाएवढा तुकडा घ्या, स्वच्छ टिपकागदावर रक्त टिपून घ्या आणि काचपट्टीवर तीन-चार ठिकाणी हलकेच टेकवा. घासू नका. हवेत वाळवा, ज्योतीवरून तीनदा पटकन फिरवा. क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुणे. आयोडिन १ मिनिट, धुणे. ९५ टक्के अल्कोहोल १० ते २० सेकंद, जांभळा रंग वाहायचा थांबला की लगेच पाण्याखाली. सॅफ्रानिन १ मिनिट, धुणे, वाळवणे. मग तेलाच्या १०० च्या भिंगाने पाहा.

रंगण बरोबर झाले का हे माशाच्या पेशीच सांगतात. त्यांची केंद्रके गुलाबी दिसली पाहिजेत. ती जांभळी राहिली असतील तर अल्कोहोल कमी पडले, आणि मग दिसणारा जांभळा जिवाणूही खरा जांभळा असेलच असे नाही. ठसा जाड झाला की हेच होते.

गुलाबी आखूड दंड दिसले तर एरोमोनास, एडवर्डसिएला, स्युडोमोनास यांपैकी कोणीही. इथे थांबा, नाव देऊ नका. जांभळे गोल, जोडीने किंवा माळेत दिसले, आणि मेंदूच्या ठशातही तेच दिसले, तर स्ट्रेप्टोकोकस जवळपास नक्की. काहीच दिसले नाही तर जिवाणू नाहीत असे सिद्ध होत नाही. संख्या कमी असेल तर ठशात ते सापडत नाहीत.

वाढवणे आणि नाव देणे

ट्रिप्टिक सोय आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या घट्ट माध्यमावर, मूत्रपिंडातून लूपने (तारेच्या छोट्या फासाने) रेघा ओढा. स्ट्रेप्टोकोकसच्या संशयात ५ टक्के मेंढीचे रक्त घातलेला आगर घ्या आणि मेंदूतूनही रेघा ओढा. तापमान २८ ते ३० अंश. माणसांच्या रोगनिदान प्रयोगशाळेत नमुना दिला तर तिथली जिवाणू वाढवायची पेटी ३७ अंशांवर असते, आणि माशांचे काही जिवाणू त्या तापमानाला नीट वाढत नाहीत. ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो तो कित्येकदा यामुळे. एरोमोनास २४ तासांत भरपूर वाढतो. एडवर्डसिएला इक्टालुरी मंद आहे, ४८ तास थांबावे लागते. २४ तासांनी पेट्री डिश फेकली तर तो हुकला. कॉलम्नेअर नेहमीच्या पौष्टिक आगरवर वाढत नाही. त्याला सायटोफेगा किंवा शिए यांसारखा पातळ खुराकाचा आगर हवा, त्यावर त्याच्या पिवळ्या, मुळ्यांसारख्या कडांच्या, आगराला घट्ट चिकटलेल्या वसाहती येतात.

डिश वाचताना पहिला प्रश्न ‘कोणता जिवाणू’ हा नाही, ‘किती प्रकारचे’ हा आहे. सहा माशांपैकी चार-पाच माशांच्या मूत्रपिंडातून एकाच प्रकारच्या वसाहती, भरघोस, आणि निरोगी दिसणाऱ्या माशांतून काही नाही किंवा अगदी थोडे: हा साथीचा पुरावा. एका माशातून तीन रंगांच्या वसाहती आल्या तर मासा शिळा होता किंवा आतडे फुटले होते. पुन्हा नमुना घ्या. अशा डिशमधून सगळ्यात मोठी वसाहत उचलून तिचे नाव काढणे म्हणजे गर्दीतल्या कोणालाही चोर ठरवणे.

नावाकडे जाताना ऑक्सिडेज चाचणी सर्वात जास्त काम करते. ताजी, २४ तासांची वसाहत लाकडी काडीने किंवा प्लॅस्टिकच्या लूपने पट्टीवर घासा; निक्रोमच्या तारेने खोटा होकार येतो. १० सेकंदांत जांभळे झाले तर एरोमोनास किंवा स्युडोमोनास. नाही झाले तर एडवर्डसिएलाकडे वळा. एरोमोनास ग्लुकोज हवेशिवायही आंबवतो, स्युडोमोनास नाही. विब्रिओ या दुसऱ्या जिवाणूपासून एरोमोनासला वेगळे करायला ओ/१२९ या औषधाची चकती वापरतात, तिला एरोमोनास दाद देत नाही. एडवर्डसिएला टार्डा गंधकयुक्त माध्यमावर काळ्या मध्याच्या वसाहती देतो, इक्टालुरी देत नाही. स्ट्रेप्टोकोकसवर हायड्रोजन पेरॉक्साइडचा थेंब टाकला तर बुडबुडे येत नाहीत. मात्र रक्ताच्या आगरवरून वसाहत उचलताना रक्त लागले तर बुडबुडे रक्ताचेच असतात.

संवेदनशीलतेची, म्हणजे कोणते औषध त्या जिवाणूवर लागू पडते याची, चाचणी म्युलर-हिंटन आगरवर २८ अंशांना २४ ते २८ तास ठेवून करतात. अहवालात तापमान ३७ लिहिलेले असेल तर औषधाच्या चकतीभोवतीच्या वर्तुळांच्या मापांवर विसंबू नका.

स्वतःकडे सोय नसेल तर: नमुना पाठवणे

सर्वात उत्तम म्हणजे जिवंत मासे: दुहेरी पिशवीत एक तृतीयांश पाणी, दोन तृतीयांश ऑक्सिजन, एका पिशवीत थोडेच मासे. ते जमत नसेल तर नुकताच मारलेला मासा स्वतंत्र पिशवीत बांधून बर्फाच्या थरांमध्ये ठेवा. बर्फाचे पाणी माशाला लागता कामा नये. फ्रीझरमध्ये गोठवू नका. सहा-आठ तासांत पोचले तर उत्तम, २४ तासांनंतर जिवाणू तपासणीचा भरवसा धरू नये.

ऊतक तपासणीसाठी कल्ला, यकृत, मूत्रपिंड, प्लीहा यांचे अर्धा सेंटिमीटरपेक्षा पातळ तुकडे फॉर्मालिनमध्ये टाका. बाजारातले फॉर्मालिन १०० मिली, पाणी ९०० मिली, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट ४ ग्रॅम, डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम, द्रावण तुकड्यांच्या दहापट. अख्खा मासा टाकला तर आतपर्यंत द्रावण पोचेपर्यंत अवयव कुजतात. पीसीआरसाठी (रोगजंतूची जनुके शोधणाऱ्या चाचणीसाठी) वेगळे तुकडे ९५ टक्के इथेनॉलमध्ये. फॉर्मालिनमधला तुकडा त्या कामाचा राहत नाही.

महाराष्ट्रात वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, नागपूर आणि उदगीरची मत्स्य विज्ञान महाविद्यालये आणि रत्नागिरीत शिरगावचे मत्स्य महाविद्यालय ही विचारण्याची ठिकाणे. निघण्यापूर्वी फोन करून ते जिवाणू वाढवून देतात का, कोणत्या वारी नमुने घेतात आणि कशात हवे आहेत, हे विचारा; शुक्रवारी संध्याकाळी पोचलेला नमुना सोमवारपर्यंत पडून राहतो. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या समन्वयाने २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर देशव्यापी पाळत ठेवली जाते, आणि जून २०२३ पासून ‘रिपोर्ट फिश डिसीज’ हे मोबाइल ॲपही आहे. साथ तिथे नोंदवली तर शेजारच्या तळ्यांनाही सावध होता येते.

निकाल येईपर्यंत

खाद्य बंद करा किंवा निम्म्यावर आणा. एरेटर रात्री आणि पहाटे चालवा. मेलेले मासे दिवसातून दोनदा काढा, विहिरीपासून आणि ओढ्यापासून लांब मीटरभर खोल खड्ड्यात चुना पसरून पुरा. बांधावर टाकलेला मासा बगळे आणि कुत्री पुढच्या तळ्यात पोचवतात. त्या तळ्याचे जाळे, हापा (बारीक जाळीचा पिंजरा), बादली दुसऱ्या तळ्यात नेऊ नका. धुऊन कडक उन्हात पूर्ण वाळवल्याशिवाय तर नाहीच. पाण्यात पोटॅशियम परमँगनेट टाकायचे असले तरी आधी नमुना घ्या.

अँटिबायोटिक लागलेच तर ते संवेदनशीलतेच्या अहवालावर आणि मत्स्यरोग तज्ज्ञाच्या चिठ्ठीने, खाद्यातून. पाण्यात टाकलेले फारसे उपयोगी पडत नाही आणि गाळातल्या जिवाणूंना सरावाचे करते. खाद्यातून दिले तरी ज्यांनी खाणे सोडले त्या माशांपर्यंत ते पोचत नाही. ते वाचवते अजून खाणाऱ्यांना, म्हणून पहिल्या दोन-तीन दिवसांत मरतूक थांबली नाही तर लगेच औषध बदलू नका. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटातली औषधे मत्स्यशेतीत बंदी असलेली आहेत. लेबल नसलेल्या पुडीत तीच असू शकतात.

प्रयोगशाळेच्या अर्जावर तळ्याचे क्षेत्र, माशांची संख्या, मरतुकीचे रोजचे आकडे, पहाटेचा ऑक्सिजन, दुपारचा सामू, मागच्या दोन आठवड्यांतल्या घडामोडी आणि आतापर्यंत दिलेले प्रत्येक औषध तारखेसह लिहा. औषध दिले असेल तर ते लपवू नका. वाढ न होण्याचे कारण तेच असेल, तर तपासणाऱ्याला दुसरी वाट धरता येते.